स्टँडच्या पलीकडे

खुर्चीत बसला की तो आधी खुर्ची पुढे ओढायचा, मग थोडी मागे, मग पुन्हा किंचित पुढे. त्यानंतरच पाठ टेकायचा. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसला की उजवा पाय जमिनीत रुतवायचा, पुढचा ट्रक लांब असला तरी. चहा उभ्यानेच प्यायचा, फाटकाकडे तोंड करून. घरातून निघताना दारात थांबून विचारायचा, "बसले सगळे?" घरात दोघंच. झोपेत कूस बदलण्याआधी तो हात बाहेर काढून दाखवतो, असं त्याची बायको सांगायची. हे ती जरा वाढवून सांगत असावी.

लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. डेपोत सगळे त्याला पायलट म्हणायचे. मागच्या आठवड्यात तो सकाळची गाडी लावून आला, तोंड धुतलं आणि आरामखोलीतल्या बाकावर जरा टेकतो म्हणाला. चहा आला तेव्हा कंडक्टर उठवायला गेला. तो उठला नाही. वय काही जाण्याचं नव्हतं. आता या सगळ्या सवयींना 'होता' लावून बोलावं लागतं, आणि बोलताना जीभ अडखळते.

बायकोची अडखळत नाही. घरी माणसं येतात, गप्प बसून राहतात, तेव्हा तीच बोलायला सुरुवात करते. आणि कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी त्यांच्या पहिल्या सुट्टीवर येते.

लग्नाआधी ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. पायलट तिथे स्वतःच्या लायसनची कॉपी काढायला आला आणि मशीन अडकलं. कागद ओढून काढेपर्यंत त्याला काउंटरशी उभं राहावं लागलं. तिने सहज विचारलं, कुठल्या रूटवर असता. त्याने गावं सांगितली. डोंगरावरचं, समुद्राकडचं, पार सरहद्दीजवळचं. शाळेची एक सहल सोडली तर ती गावाबाहेर पडलेली नव्हती.

"एवढं सगळं पाहिलंत?"

"सगळं," तो म्हणाला. "डोळे मिटून सांगेन."

"ड्रायव्हरने डोळे मिटू नयेत."

त्यानंतर त्याने लायसनच्या इतक्या कॉप्या काढल्या, की डेपोत लोक विचारू लागले, याच्याकडे लायसन तरी किती आहेत.

लग्न ठरलं तेव्हा तिच्या मामाने नाक मुरडलं. म्हणाला, ड्रायव्हर म्हणजे पायाला भिंगरी, हा संसार कधी करणार? ती म्हणाली, "मलाही भिंगरीच हवीय, मामा." आईने कपाळावर हात मारून घेतला.

लग्नानंतरची पहिली सुट्टी त्यांनी डोंगरावरच्या गावासाठी राखून ठेवली. तिथे मोठं तळं आहे असं तिने ऐकलं होतं. दुकानाच्या मालकाला, मैत्रिणींना, मामाला, सगळ्यांना तिने सांगून ठेवलं, की यांना तिथला कोपरा न् कोपरा माहितीय. पायलट ते ऐकून नुसता मान डोलवायचा. जायचा दिवस जवळ आला तसा तो कमी बोलू लागला. तिला वाटलं, नवीन नवरे असेच असतात.

बसमध्ये खिडकी तिला मिळाली. तिला काय पाहू आणि काय नको असं झालं होतं. तो मात्र मान ताणून समोरचा रस्ता बघत होता आणि पायाने ब्रेक दाबत होता. गाडीवर त्याचाच दोस्त होता. तो आरशातून म्हणाला, "पायलट, आज नवरदेव आहेस. गाडी माझ्यावर सोड की."

"वळण येतंय, हॉर्न दे."

"वहिनी, याला जरा धरून ठेवा."

स्टँडवर उतरले आणि तिला राजाची राणी झाल्यासारखं वाटलं. चहावाल्याने बाक पुसून दिला. पंक्चरवाला हात पुसत धावत आला. चौकशीच्या खिडकीतले काका खिडकी सोडून बाहेर आले, जे ते कुणासाठी करत नसत. सगळ्यांनी वहिनींना बघून घेतलं. आमलेट-पाव आला, वर चहा आला, त्यावर पुन्हा चहा आला.

"तळं कुठे आहे?" तिने हळूच विचारलं.

"आहे की इकडेच."

"इकडे म्हणजे कुठे?"

"घेऊ ना आणखी एक चहा."

शेवटी तो उठला. फाटकातून बाहेर पडून डाव्या हाताला वळले. गल्ली एका लाकडाच्या वखारीत जाऊन संपली. परत येऊन उजव्या हाताला गेले. बरंच चालल्यावर एक फाटक लागलं. आत शिरले तर समोर तोच चहावाला, दुसऱ्या बाजूने.

"हा शॉर्टकट," पायलट म्हणाला.

तिसऱ्यांदा ते स्टँडच्या मागच्या भिंतीशी येऊन थांबले. पुढे वाट नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. अख्खी बस एका दमात मागे घेऊन भिंतीला बोटभर अंतरावर लावणारा माणूस खिशात हात घालून उभा होता, आणि आपल्याला कुठे जायचंय हे त्याला माहीत नव्हतं. कुणाला विचारायचीही सोय नव्हती. तिथे सगळेच त्याला ओळखत होते.

"तुम्ही तळं पाहिलंय का?"

"वरून," तो म्हणाला. "घाटात एका वळणावर बाजूला दिसतं. पण ते वळण इतकं वाईट आहे, की बघता येत नाही."

"आणि समुद्र?"

"स्टँडपर्यंत वास येतो त्याचा."

ती तिथल्याच एका पायरीवर बसली आणि हसत सुटली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पण आत धस्स झालं होतं, हे ती आता सांगते. साऱ्या जगाला सांगून आली होती. त्याहून वाईट म्हणजे, पहिल्या भेटीतला पहिलाच शब्द खोटा निघाला होता, आणि या माणसाबरोबर अख्खा जन्म काढायचा होता. आणखी काय काय असंच निघेल?

तो शेजारी बसला नाही. समोर उभा राहिला, साहेबापुढे उभा राहावा तसा.

"खोटं नव्हतो बोललो," तो म्हणाला. "मला खरंच वाटायचं, मी पाहिलंय. गाडी लावायची, गाडीतच झोपायचं, सकाळी निघायचं. गाडी गावात नेली म्हणजे गाव झालं, असंच वाटायचं. तू विचारेपर्यंत कधी लक्षातच आलं नाही."

हे सांगताना त्याने मान खाली घातली नाही. तेवढ्यावर तिने त्याला पास केलं, असं ती म्हणते. उठली, साडी झटकली आणि तडक चौकशीच्या खिडकीशी गेली.

"काका, तळ्याकडे कसं जायचं?"

"अहो, पायलट आहे ना बरोबर. त्याला विचारा."

"ते सुट्टीवर आहेत."

वाट वखारीच्या मागूनच होती. तळ्यावर पोचायला दुपार कलली. दोघं काठावर बसले. पाण्यात काही बघण्यासारखं होतं की नव्हतं, तिला आठवत नाही. पायलट वर बघत होता. समोरच्या डोंगरावर एक बस वळण घेत होती, काड्यापेटीएवढी. आवाजावरून त्याने सांगितलं, आता दुसरा गिअर टाकला. मग म्हणाला, "म्हणजे इथून मी दिसत असेन. इतकी वर्षं."

परतीच्या गाडीत तिने ठरवून टाकलं. प्रत्येक सुट्टीत त्याच्या रूटवरचं एक गाव घ्यायचं आणि स्टँडच्या पलीकडे जाता येईल तितकं जायचं. शेवटच्या गाडीआधी परत. पायलट म्हणाला, "लोक फिरायला नवीन जागी जातात." ती म्हणाली, "मग आपण कुठे चाललोय?"

ती पहिली दोन-तीन वर्षं अशी गेली. समुद्रावर त्याने पँट दुमडली, पाण्यात उभा राहिला, आणि वाळूवर आडव्यातिडव्या ओढून ठेवलेल्या होड्या बघून बेचैन झाला. लावायची काही शिस्तच नाही, म्हणाला. एका गावात पलीकडे काहीच नव्हतं, फक्त बटणांचा कारखाना. रखवालदाराने आत सोडलं. दोघांनी बटणं पाहिली. आईने फोनवर विचारलं, काय काय पाहिलंत? ती म्हणाली, बटणं. आई म्हणाली, नसेल सांगायचं तर नका सांगू, पण थट्टा करू नका. सरहद्दीजवळच्या गावात एका म्हातारीने त्यांना अंगणात बसवून पेरू दिले आणि विचारलं, नवीन आहात का इथे? पायलट त्या गावात आठवड्यातून दोनदा यायचा. तो म्हणाला, "हो मावशी. आजच आलो."

ते 'आजच आलो' घरात बरीच वर्षं चाललं. भाजी जळली, बिल भरायचं विसरलं, तिने काही विचारलं, की हा म्हणायचा, मला काय माहीत, मी आजच आलो.

या वर्षी त्याने एक जुनी गाडी घेतली. छोटी, निळी, दाराला पोचा आलेली. किल्ली तिच्या हातात ठेवली.

"मी चालवू? घरात ड्रायव्हर असताना?"

"त्या ड्रायव्हरला बाजूच्या खिडकीत बसायचंय," तो म्हणाला. "तो घाट मी जन्मभर समोरच्या काचेतून पाहिला. बाजूला काय आहे, ते एकदा निवांत बघू दे. तू चालवलंस तरच जमेल. दुसरा कुणी असला तर मी त्याला चालवू देणार नाही."

डेपोमागच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. ओरडायचं नाही असं कबूल केलं होतं, त्यामुळे तो नुसता श्वास आत ओढायचा. त्या श्वासावरून तिला कळायचं, काय चुकलं ते. क्लच जमला. गिअर जमले. मागे घ्यायला तिला सगळ्यात जास्त दिवस लागले, पण तेही जमलं. पुलापर्यंत जाऊन ती एकदा सुखरूप परत आली, तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या सुट्टीत घाट." डेपोत त्याने रजेचंही बोलून ठेवलं होतं.

घाटासाठी एकच गोष्ट यायला हवी होती. चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुन्हा कशी उचलायची. पाण्याच्या टाकीजवळचा चढ त्याने त्यासाठी बघून ठेवला होता. अवघड नाही, म्हणाला होता. हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, क्लच हळूहळू सोडायचा, आणि इंजिनचा आवाज जड झालेला ऐकू आला की हँडब्रेक सोडायचा. तो आवाज नेमका कसा, हे तोंडी सांगता येणार नाही. शेजारी बसून ऐकवतो. रविवारी.

रविवार येऊन गेला. डेपोतले लोक येऊन सांगून गेले, वहिनी, आम्ही शिकवतो, त्यात काय आहे. ती बघू म्हणाली.

गाडी खाली उभी आहे. सपाट रस्त्यावर ती चांगली चालवते. चढाचं तेवढं राहिलं.