टाकीतल्या पाण्याची चव

हर्णैचा हनीफ सौदीतल्या तबूकमधल्या एका लाँड्रीत बॉयलर सांभाळायचा. तिथून उमैर शेखने त्याला उचललं, ते आपल्या शंभर वर्षं जुन्या वाफेच्या मोटारीसाठी. तिला ना गिअर, ना खडखडाट. एकदा वापरलेली वाफ थंड होऊन पाणी व्हायची आणि टाकीत परत यायची. येताना कधीकधी इंजिनातलं तेल सोबत आणायची, आणि ते तेल बॉयलरात शिरलं की पाण्याला फेस येऊन खेळ खलास. म्हणून हनीफ रोज सकाळी टाकीतला थेंब जिभेवर ठेवायचा.

रमजान लागला आणि थेंब बंद झाला. रोजा म्हणजे रोजा. चाखून थुंकलं तर चालतं का, हे त्याने कुणाला विचारलंही नाही. पठ्ठ्या हट्टीच!

त्या दिवशी उमैरच्या शेतावर इफ्तारला पाहुणे जमले होते. ऊन उतरल्यावर हनीफने मोटार काढली. शेजारी उमैरचे म्हातारे वडील. दाबाचा काटा सहाशेवर. मोटार चढाला लागली तरी आवाज नाही! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात हनीफची नजर बॉयलरातलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीवर गेली. आत उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस. फेसाखाली खरं पाणी किती, अल्लालाच ठाऊक. नळ्या कोरड्या पडून फुटल्या, तर वाफ थेट म्हाताऱ्याच्या अंगावर.

"यल्ला, हनीफ! आणखी एक फेरी!" उमैर ओरडला.

थांबावं तर पाहुण्यांसमोर शोभा, आणि ज्याच्या हातात व्हिसा तो कफील म्हणजे हाच उमैर. घरी बायकोला, शरीफाला, काय सांगायचं? हनीफने बर्नर बंद केला. मोटार चढावरच थांबली.

उमैर धावत आला. "वेड लागलंय? उद्याच तुला घरी पाठवतो!"

"पाण्यात तेल आहे."

"कशावरून?"

इतक्यात सूर्य बुडाला आणि रोजा सोडायची, मगरिबची अजान झाली. वडिलांनी खजूर पुढे केला. तो न घेताच हनीफ खाली उतरला, टाकीचं झाकण उघडून बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. त्याचा रोजा त्या थेंबावर सुटला.

"तेलच आहे," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "रमजान लागल्यापासून मी चाखलंच नाही. चूक माझी."

वडील चक्रावले. "अरे, मग पहाटे रोजा धरायच्या आधी, सहेरीला चाखायचं होतंस!"

हनीफ आ वासून बघत राहिला. वडिलांनी त्या उघड्या तोंडात खजूर कोंबला.

"उद्या सहेरीला मी उठवीन तुला," उमैर इतकंच म्हणाला.

हनीफने मान हलवली. खजुरालाही तेलाचीच चव येत होती.