दुसऱ्या मेणबत्तीचा अबोला

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्या चार रविवारी एकेक करून चार मेणबत्त्या लावतात. आमच्या चर्चच्या मंडळीत त्या कुणी लावायच्या हे चिठ्ठ्यांनी ठरतं. आगमनकाळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी उपासना संपली की स्टीलच्या डब्यात घरोघरच्या चिठ्ठ्या टाकतात आणि उपासना चालवणारे पाळकसाहेब डोळे मिटून चार उचलतात. पहिली आशेची, दुसरी शांतीची, तिसरी आनंदाची, चौथी प्रीतीची. पहिली, तिसरी आणि चौथी कुणीही लावावी. दुसरीचं तसं नाही. कधीकाळच्या एका कडक पाळकांनी तिला एक नियम लावून ठेवलाय. मेणबत्ती लावायला पुढे आलेल्या माणसाला भर मंडळीत विचारायचं, "तुमचा कुणाशी अबोला आहे का?" नाही म्हटलं तर काडेपेटी हातात. आहे म्हटलं तर तो मिटेपर्यंत मेणबत्ती तशीच राहणार, मग नाताळ का उलटून जाईना.

गेल्या वर्षी शांतीची चिठ्ठी माझी निघाली.

मी हसून मान डोलावली. शेजारच्या बाईंनी हात दाबून अभिनंदन केलं. पण माझा अबोला होता. तोही सख्ख्या बहिणीशी, तीन वर्षांचा. आणि त्याची जळगावात कुणाला खबर नव्हती. अक्का भडगावला, मी जळगावच्या पिंप्राळ्यात. कोण कुणाशी बोलत नाही हे इतक्या लांबून कुणाला दिसणार?

मी शाळेत मराठी शिकवते. दुसऱ्याचे शब्द सुधारायची मला खोडच आहे. मंडळीच्या सूचनाफलकावरचे ऱ्हस्वदीर्घ मी खडूने नीट करते, हे नवे पाळकसाहेब हसून चालवून घेतात. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आमचे वडील धुळ्यात मास्तर होते आणि घरात खानदेशी बोललेलं त्यांना खपत नसे. अक्का सतराव्या वर्षी लग्न होऊन भडगावला गेली आणि तिथली बोली तिने अशी उचलली की ती माझ्यासारखं कधी बोलत असेल यावर कुणाचा विश्वास बसू नये. मी आईला आई म्हणायचे, ती माय म्हणायची.

आई गेली ती धुळ्याच्या दवाखान्यात. शेवटचे चार दिवस मी एकटी तिच्याजवळ होते. अक्का पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं. दफनविधी झाला, माती लोटून झाली, लोक पांगायला लागले. तेवढ्यात अक्का माझ्यासमोर आली, माझे दोन्ही हात धरले आणि चारचौघांत म्हणाली, "मायले तूच वाटे लाई दिनं."

तूच आईची वाट लावलीस. मी हात सोडवून घेतले. एक शब्द न बोलता जळगावची गाडी धरली. तिचे फोन आले, मी उचलले नाहीत. वर्षभराने फोन यायचेही थांबले.

चिठ्ठी निघाल्यापासून मी कामाला जुंपून घेतलं. पडदे धुतले, माळ्यावरचा कागदी तारा उतरवून त्याची फाटकी टोकं चिकटवली, करंज्यांसाठी खोबरं आणून ठेवलं. नाताळाला पुरता महिना होता आणि मी पिठाचे डबे घासत होते. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधला, प्रभूसाठी वाट सरळ करण्याचा तो नेहमीचा पाठ घेतला आणि म्हणाले, "आपण घराची तयारी फार छान करतो. मनात मात्र गेल्या वर्षीचाच कचरा असतो." ते माझ्याकडे बघत नव्हते. तरी मला त्यांचा राग आला. आमच्या मनातला कचरा यांना कुणी दाखवला?

त्या आठवड्यात मी रोज सकाळी प्रार्थनेला बसायचे आणि रोज वाद घालून उठायचे. खोटं बोलून मेणबत्ती लावता आली असती. नुसतं "नाही" म्हणायचं, दोन अक्षरं. कुणाला कळलं नसतं. पण ज्याच्या येण्याची तयारी चालली होती त्याच्याचसमोर खोटं बोलायचं? मला भीती वाटली, खरीखुरी. दुसरा मार्ग म्हणजे "आहे" म्हणायचं आणि मेणबत्ती न लावताच ठेवायची. मग नाताळापर्यंत प्रत्येक रविवारी सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं आणि नंतर माझ्याकडे. शनिवारी सकाळी मी तिसरा मार्ग धरला. भडगावला जायचं, अक्काला क्षमा करायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं.

क्षमा करायला निघाले होते मी. हे आता लिहितानाही लाज वाटते.

एसटीत खिडकीजवळ बसून मी वाक्यं जुळवत होते. "अक्का, तू बोललीस ते मी विसरले." नको, "विसरले" नको, विसरले कुठे होते? "मी मनातून काढून टाकलंय." हे बरं वाटलं. गिरणेचा पूल येईपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं, अगदी व्याकरणशुद्ध.

अक्का अंगणात कापूस साफ करत बसली होती. मला बघून ती उठली आणि उभीच राहिली. तिचे केस पार पांढरे झाले होते. तीन वर्षांत मी तिच्या केसांचासुद्धा विचार केला नव्हता.

"सलाम, अक्का," मी आमच्या ख्रिस्ती रीतीने म्हणाले.

"घरमा ये," ती म्हणाली. "भाकर गरम शे, जेवी ले."

जेवले. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. ती समोर बसून वाढत होती. शेवटी हात धुऊन मी भाषण सुरू केलं. दफनाच्या दिवशी तू जे बोललीस, त्याने मला फार लागलं, पण आता ते मी मनातून काढून टाकलंय.

"काय बोलनी मी?" तिने विचारलं.

तिला आठवतही नव्हतं! माझा पारा चढला. मी तिचंच वाक्य तिला ऐकवलं, तिच्याच बोलीत, नक्कल केल्यासारखं. मग तिच्या कपाळावर आठ्या आल्या.

"त्यामा काय वाईट शे? पोर सासरे जास तवय लोके तिले वाटे लावतस ना? तू मायले वाटे लाई दिनं. मायना हात तुना हातमा व्हता. माले तं तेबी भेटनं नही."

वाटे लावणं. वाटेपर्यंत जाऊन निरोप देणं, पाठवणी करणं. इथली म्हातारी माणसं रोज वापरतात हा शब्द. शेजारणीच्या तोंडून मी तो शंभर वेळा ऐकला असेल. तिने माझे आभार मानले होते. आणि तीन वर्षं मी मराठीची बाई, शब्दांची एवढी मिजास असलेली, त्या एका शब्दावर तिच्याशी अबोला धरून बसले होते.

अक्का रडायला लागली. "एवढासा शब्दासाठे?" एवढंच म्हणाली. मीही रडले. तिने पाठीवरून हात फिरवला. गैरसमज होता, मिटला. घड्याळात अडीच वाजले होते, सव्वातीनला परतीची गाडी होती. उद्या मी ताठ मानेने "नाही" म्हणू शकत होते आणि ते खरंही ठरलं असतं.

पण पाठीवरचा तो हात मला सोसवेना. आभाराचा साधा शब्द मला आरोपासारखा का ऐकू आला? दुसऱ्या कुणाला आला असता का? पदराने डोळे पुसताना मला ते लख्ख कळलं. आरोप अक्काने केलाच नव्हता. तो माझ्याजवळ आधीपासून होता.

मी काही न बोलता उठू शकले असते. खरं सांगते, मी पिशवी हातात घेतलीसुद्धा होती. दाराशी गेले, चपलेत एक पाय घातला. मग वळले.

"अक्का, आई तुला बोलवत होती."

ती डोळे पुसायची थांबली.

"जायच्या आदल्या दिवशी सकाळी म्हणाली. दुपारी परत म्हणाली. मी म्हटलं, उद्या बोलावते. डॉक्टर सोमवारी सोडणार म्हणाले होते, मला वाटलं कशाला तुला उगाच धावपळ. नाही, तेही खोटं आहे. तू आलीस की आई तुझीच व्हायची. लहानपणापासून तसंच होतं. ते चार दिवस मला ती एकटीला हवी होती. म्हणून नाही केला फोन."

अक्काचा चेहरा एकदम निर्विकार झाला. मी तिच्या रागाला तयार होते, शिव्यांना तयार होते. तिने काहीच केलं नाही. अंगणात गेली, कापसाची पाटी उचलून आत ठेवली, कडी लावली आणि पायात चपला सरकवल्या. स्टँडपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली, एक पाऊल मागे. खानदेशात दारी आलेल्याला वाटे लावतातच, मग तो कसाही असो. गाडी लागली. मी खिडकीतून हात केला. तिने हात केला नाही, पण गाडी वळेपर्यंत ती तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मंडळीत पाटावर चार मेणबत्त्या होत्या, पहिली पेटलेली. माझं नाव पुकारलं, मी पुढे गेले. पाळकसाहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला. ते हसत होते, काडेपेटी पुढे करूनच होते, कारण या प्रश्नाचं उत्तर काय येतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

"आहे," मी म्हणाले. "बहिणीशी. चूक माझी आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी काडेपेटी खिशात ठेवली आणि पुढचं गीत सांगितलं. मी जागेवर येऊन बसले. शेजारच्या बाईंनी या वेळी हात दाबला नाही, नुसती सरकून जागा दिली. शरम वाटली हे खरं. तरी त्या दिवशी मी प्रार्थनेत पहिल्यांदाच वाद घातला नाही.

तिसऱ्या रविवारी पहिली पेटली, तिसरी पेटली, मधली तशीच. लहान मुलं बोट दाखवून आयांना विचारत होती. घरी करंज्या तळायचं मन होईना. रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. पुन्हा माफी मागायचा मला हक्क तरी काय होता? जे घेतलं ते परत देण्याजोगं नव्हतंच. आईची शेवटची भेट कुठून आणून देणार होते मी अक्काला? आता माझ्या हातात वाट पाहणं तेवढं उरलं होतं, आणि तेच मला आयुष्यात कधी जमलेलं नव्हतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत फोन वाजला. शिक्षकखोली भरलेली होती. कुणी डबा खात होतं, कुणी चाचणीचे पेपर तपासत होतं. पडद्यावर अक्काचं नाव बघून मी उभी राहिले.

"अक्का?"

तिने थेट विचारलं, "माय काय बोलनी व्हती?"

"म्हणाली, मोठीला बोलाव."

"तशी नही. माय कशी बोलनी तशी सांग."

मला कळलं तिला काय हवंय. वडिलांच्या घरात आयुष्यभर शुद्ध बोललेली आई शेवटच्या दिवसांत तिच्या माहेरच्या बोलीवर परत गेली होती. मलाही ती त्याच बोलीत बोलत होती आणि मी तिला प्रमाण मराठीत उत्तरं देत होते. तिचे ते दोन शब्द तीन वर्षं मी एकटीने दाबून ठेवले होते. ते माझ्यासाठी नव्हतेच. ज्या बहिणीसाठी होते ती फोनवर थांबली होती.

सगळ्या शिक्षकखोलीत मी मोठ्याने म्हणाले, आईसारखं, तिच्या दमलेल्या आवाजात: "मोठीले बलाव."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. पलीकडून हुंदका आला, मग दुसरा. मी फोन कानाशी घट्ट धरून उभी होते. घंटा झाली, वर्गावर जायची वेळ झाली, तरी मी हलले नाही.

"आखो सांग," अक्का म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.