शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या ह्यांचा धंदा गाण्यांचा आहे, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. पांढुर्ण्याला पुस्तकांचं दुकान आहे, पाट्या, पोथ्या, पंचांगं विकतात, एवढंच माझ्या वडिलांच्या कानावर होतं. दुकानाच्या खालच्या फळीवर जी बारीक रंगीत पुस्तकं लावलेली असत, ती ह्यांनीच रचलेल्या गाण्यांची आहेत, आणि बाजारात, जत्रेत हे ती स्वतः गाऊन विकतात, हे सासरी आल्यावर कळलं. वडिलांना आधी कळतं तर सौंसरच्या संत्र्याच्या बगीच्यातून मला हलवलंच नसतं.

मला मात्र ते आवडलं. गाणं झालं की हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन गुणगुणायचे. मी भाकरी थापत असायची. गाण्याबरोबर माझा हात आपोआप चालला तर चाल बसली, अडखळला तर पुन्हा दुकानात. मग गाणी नागपूरला छापायला जायची आणि छापलेली पानं गठ्ठ्याने रेल्वेने यायची. त्यांची घडी घालून दोऱ्याने शिवायचं काम माझं. लेखक, गायक, प्रकाशक सगळं हेच, आणि कारखाना म्हणजे मी.

बाजारात गाताना त्यांची एक रीत होती. सगळी कडवी गायची आणि शेवटच्या कडव्यापाशी थांबायचं. त्या कडव्यात त्यांचं नाव असे, अमका म्हणे, अमका मागे, असं. लोक पुढचं म्हणा म्हणत. हे पुस्तक वर धरत आणि म्हणत, "गानं कोनाचं ते पाहिजे असेल तं पुस्तक घ्या." घेणारे घेत, बाकीचे ऐकलेलं गुणगुणत घरी जात.

बायकांमध्ये ती गाणी मी नेली. हळदीला, पापड लाटताना, माहेरी गेले की बगीच्यात. पण शेवटचं कडवं मीही म्हणत नसे. त्यात ह्यांचं नाव होतं. नवऱ्याचं नाव बाई घेते ती उखाण्यात, आणि तेही दारात अडवून चार जणींनी गळ घातली तर. कुठे ऊठसूट घेते का कोणी? माझं हे थांबणं कोणाला वावगं वाटलं नाही, मलाही नाही. ह्यांनी धंद्यापायी थांबायचं, मी रिवाजापायी थांबायचं, आणि ते कडवं पुस्तकातच राहायचं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा ह्यांनी तिरंग्यावर गाणं केलं. जामसांवलीला शनिवारी हनुमानाच्या दर्शनाला आलेली माणसं नारळ-प्रसादासोबत ते पुस्तक घेऊन जात. ह्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. पण मला विचाराल तर त्यांचं खरं गाणं त्याआधीचं, आमच्या लग्नानंतर केलेलं. माझी पाठवणी झाली तेव्हा वडील मांडवात थांबले नव्हते. बगीच्यात जाऊन झाडाखाली बसले होते आणि डोक्यावरचा शेला तोंडावर ओढून रडत होते. मी पदराआड होते, मला काही दिसलं नाही. नवरदेवाने बैलगाडीतून पाहिलं आणि घरी येऊन लिहिलं:

संत्रा गेला परगावी, पाला राहिला झाडाले,
लेक गेली सासरले, कोन धीर दे बापाले.

ह्या गाण्याने मला दर वेळी रडवलं. वडिलांनी ते ऐकलं तेव्हा गाणाऱ्या जावयाबद्दलची त्यांची सगळी कुरकुर संपली. ते पुस्तक हातोहात गेलं आणि पुन्हा छापू छापू म्हणता राहूनच गेलं. बायकांनी मात्र गाणं सोडलं नाही. पांढुर्णा, सौंसर, तिगाव, कुठलीही पाठवणी त्याच्याशिवाय होईना.

मग राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. गाडी तीच, तिचे डबे तेच, पण नागपूर उगाच दूर वाटायला लागलं. दुकानात हिंदी पुस्तकांची मागणी वाढली, सिनेमाच्या गाण्यांची पुस्तकं आली. ह्यांची पुस्तकं फळीवर धूळ खात पडली. एकदा बाजारातून भरलेली थैली तशीच घेऊन आले आणि मला म्हणाले, "लोक ऐकून राहिले, पन घेऊन नाई राहिले." त्यानंतर बाजारातलं गाणं कमी कमी होत गेलं. उरलं होतं ते एवढंच, की संत्र्याचं गाणं आपलं आहे. त्याच्या आधारावर ते ताठ चालत.

पुढे सौंसरला एक सभा झाली. नागपूरहून गाणारी मंडळी आली होती, वाटणीत तुटलेल्या आपल्या भागातली लोकगीतं म्हणून दाखवणार होती. आम्ही दोघं गेलो. हे पुरुषांत पुढे बसले, मी बायकांत. पेटी-तबल्यावर पहिलंच गाणं सुरू झालं ते 'संत्रा गेला परगावी'. काय सुरेख गायले ते! संपल्यावर बोलणारे गृहस्थ म्हणाले, हे इथल्या बायाबापड्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं गाणं, कर्ता अज्ञात.

हे उभे राहिले. "अज्ञात काहून? मी इथंच बसून आहो नं."

गृहस्थ सभ्य होते. लोकगीत सगळ्यांचंच असतं, काका, असं काहीतरी म्हणाले. थोडे लोक हसले. हे बसेनात. अजून एक कडवं आहे, त्यात माझं नाव आहे, मी म्हटलं तर आत्ता जोडलं म्हणाल, बायांना विचारा, म्हणाले. मग बायकांना विचारलं. बायकांनी मोठ्या हौसेने सगळं गाणं म्हटलं आणि नेहमीच्या जागी थांबल्या. एक म्हातारी म्हणाली, "एवढंच हाय जी. आमच्या मायपासून आमी असंच म्हनून राहिलो." तिची माय गेली तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं.

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चुलत सासरे समोर बसले होते, माहेरचं गाव होतं. पण मी उभी राहिले, पदर घेतला आणि शेवटचं कडवं म्हटलं:

जामसांवलीच्या देवा, लेक ठेव सावलीत...

आणि पुढच्या ओळीत ह्यांचं नाव, ते हेच मागतात की तिच्या अंगणात सुख नांदो. सगळं नाव घेतलं, भर सभेत, खणखणीत.

मग बायका हसल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "नाव घेतलं वं बाईनं," कोणीतरी म्हणालं. कोणी विचारलं, हा उखाणा कोठून आणला? पुरुषही हसले. ते गृहस्थ तर खूश झाले, म्हणाले, पाहा, आपल्या भगिनी किती हजरजबाबी आहेत. आणि पेटीवाल्याने पुढचं गाणं सुरू केलं. मी ओरडून सांगायला हवं होतं की बायांनो, हा उखाणा नाही. मी सांगितलंही, पण पेटीपुढे कोण ऐकतं.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर पाहत होते. पांढुर्णा जवळ आल्यावर म्हणाले, "तू म्हनलं, बस झालं." त्यानंतर त्यांनी गाणं रचलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात ते कधी काही गुणगुणतील म्हणून मी भाकरी थापताना कान देऊन असायची, तो दरवाजा मुकाच राहिला.

कडवं मात्र पोहोचलं. सौंसरच्या बायकांना ते फार आवडलं होतं. तिगावला पुतण्याचं लग्न झालं, नव्या सुनेला उंबरठ्यावर अडवलं, आणि ती पोर जामसांवलीच्या देवाला सावली मागून आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन मोकळी झाली. हे माझ्याजवळच उभे होते, तेव्हा ते आजारीच होते. मला इतका राग आला की पोरीला तिथेच थांबवावंसं वाटलं. ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "नाव लंबं आहे त्याचं. ओळीत बसून नाई राहिलं." आणि हसले. ते हसणं आठवलं की मला आजही रडू येतं.

त्याच हिवाळ्यात हे गेले.

लग्नाकार्याला मला अजूनही बोलावतात. पाठवणीला संत्र्याचं गाणं होतं, नेहमीच्या जागी थांबतं. नवी सून आली की उंबरठ्यावर ते कडवं येतं, प्रत्येकीच्या नवऱ्याच्या नावाने. मग सुनेनंतर जावा, नणंदा, शेजारणी, एकेकीला गळ घालतात, आता तू नाव घे, आता तू घे. मी मागे भिंतीशी बसलेली असते, ते कडवं त्यातल्या खऱ्या नावासकट मला पाठ आहे. पण विधवेला नाव घे असं कोणी म्हणत नाही.