नीट काढलेलं चित्र

‘नीट’ या शब्दाचा मला मनापासून राग आहे. मारुंजीच्या एका बालवाडीत मी चित्रकला शिकवते. शिकवते कसली, चार-पाच वर्षांच्या पोरांपुढे कागद आणि रंग ठेवते आणि गप्प बसते. एवढंच करायचं असतं. पण मोठ्या माणसांना तेवढंही का जमत नाही, देव जाणे! नीट काढ, नीट भर, रेषेबाहेर जाऊ नको. आणि निसर्गचित्र म्हटलं की ठरलेलंच: दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, झोपडी आणि तिच्या शेजारी नारळाचं झाड. अहो, आपल्या मुळशीत डोंगराखाली नारळ कुठे दिसला हो तुम्हाला?

वर्गात शेजारच्या नेरे गावची एक मुलगी आहे. घरच्यांनी थोडी जमीन विकली, थोडीवर भाड्याच्या खोल्या बांधल्या, उरलेल्या तुकड्यात अजून भात लावतात. ही पोरगी शाळा सुरू झाल्यापासून नुसती बसून असायची. रंगाला बोट म्हणून लावायची नाही. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा, पण मी तोंड उघडलं नाही. मग एक दिवस तिने तपकिरी रंगाची अख्खी वाटी कागदावर ओतली, दोन्ही तळव्यांनी रंग फासला आणि ओल्या कागदात बोट खुपसून दोन भोकं पाडली.

“हे काय गं?”

“भाताचं खाचर. हितं आईचं पाय रुतल्यात.”

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! चिखलात उभी असलेली आई, आणि आईला न काढताच काढलेली. कागद वाळवून मी पालकसभेसाठी भिंतीवर लावला, अगदी मधोमध.

सभेच्या दिवशी येऊन बघते तर तिथे दोन डोंगर, सूर्य, झोपडी, नारळ! तिची आई शेजारीच उभी होती. आदल्या दिवशी मुलीला न्यायला आली तेव्हा तिनेच तो कागद काढून नेला होता.

“पोरगी लई वांड हाय मॅडम, कागद फाडून ठिवला. मी घरी हात धरून नीट काढून घेतलं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, फाडला नव्हता! ते तुमचे पाय होते!”

मला वेड लागलंय की काय, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, “असतील. पर हितं आमचं भाडेकरू येत्यात सभेला. त्यांच्यापुढं मी चिखलात हुबी हाय, असं दाखवायचं व्हय?”

तिला दोष द्यावासा वाटेना आणि राग तर आवरेना. तो कागद कुठाय, एवढंच विचारलं. सकाळी पाणी तापवायला बंबात घातला म्हणाली.

सभेनंतरच्या वर्गाला मी मुद्दाम तपकिरी रंगाची भरलेली वाटी त्या पोरीपुढे ठेवली. आणि शेजारी खाली बसले. तिने वाटी हळूच बाजूला सरकवली, फ्रॉकला हात पुसले आणि कोरा कागद पुढ्यात ओढला. शेजारच्या मुलाच्या कागदात डोकावून पाहिलं. त्याने अजून काहीच काढलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं,

“टीचर, कुणाचं बघून काढू?”