बब्बूभाईंचं कागदावरचं नाव

बियाण्यांच्या आमच्या कंपनीत कुणी गेलं की सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर निरोप येतो. त्या सकाळी नांदेडच्या ऑफिसात मी खुर्चीत टेकतेय तोच तो आला. आपले सहकारी सय्यद मोहियोद्दीन यांचं निधन झालं. या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्यावर मनापासून जळत होते. त्यामुळे वाईट वाटून घ्यावं की कसं, तेच सुचेना... सवयीनं मी उदगीरला बब्बूभाईंना फोन लावला. ते तिथलं गोदाम बघायचे आणि ऑफिसातली कुठलीही बातमी आधी त्यांना सांगायची, ही माझी रीत. फोन त्यांच्या मुलीनं उचलला. अब्बूंना दे, मोहियोद्दीन म्हणून कुणी गेलेत, ते सांगायचंय, असं मी म्हणाले.

"ताई, अब्बूच गेले. कागदावर तेच नाव हाय त्यांचं."

आमच्याकडे शेतकऱ्यांच्या तक्रारी कॉम्प्युटरवर येतात. सोयाबीन उगवलं नाही, तुरीची पानं पिवळी पडली. कुठल्याही शाखेतल्या माणसानं उत्तर द्यावं, आवडलं तर शेतकरी अंगठा देतो. पूर्वी उत्तरावर नुसता लॉगिनचा नंबर दिसायचा. मी विचार करून चांगलं पानभर लिहावं आणि खाली एका ठरावीक नंबरानं दोन ओळी खरडाव्यात. अंगठे सगळे त्या दोन ओळींना. नाकाला मिरच्या झोंबायच्या माझ्या. मग कंपनीनं नंबर काढून खरी नावं दाखवायचं ठरवलं, तेव्हा मला केवढा आनंद झाला. म्हटलं, आता कळेल कोण आहे हा. नाव दिसलं, पण सगळं ऑफिस ज्यांना बब्बूभाई म्हणतं, पगाराच्या कागदावर त्यांचं नाव काय, हे विचारायला कोण गेलं होतं?

मी मात्र रोज त्यांच्याकडेच गाऱ्हाणं नेत राहिले. हा मोहियोद्दीन लातूरचा असणार, आगाऊ दिसतो, माझ्याच उत्तराखाली मुद्दाम येऊन बसतो. बब्बूभाई शांतपणे ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "हाव ताई, लई शहाणा बनून राहिला त्यो. तुम्ही सोडू नका त्याला." मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी लांबलचक लिहिलं.

काही आठवड्यांनी उदगीरला त्यांच्या घरी गेले. भाभींनी चहा दिला. माझा फोन आला की बब्बूभाई स्पीकर लावायचे, पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या, हे सांगताना त्याही रडता रडता हसल्या. मला हसू आलं नाही. खरं सांगते, त्या घराचाच हेवा वाटला. त्यांना अख्खा माणूस मिळाला होता. मला अर्धा दोस्त मिळाला आणि उरलेल्या अर्ध्याशी मी भांडत बसले... ही मजा बब्बूभाईंनी मलाही सांगायला हवी होती. मी पण हसले असते की.

तसं मी भाभींना बोलूनही दाखवलं. चांगलंच बनवलं मला, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"बनवायचे न्हाई, ताई. जळायचे तुमच्यावर. सकाळी उठून आधी तुमचं वाचायचे. म्हणायचे, एवढं सगळं ह्या बाईला कसं सुचतं? मग आपलं लिहायचे, चार डाव खोडून."

परतीच्या गाडीत मी त्यांच्या जुन्या दोन-दोन ओळी मोबाइलवर वाचत बसले. चार वेळा खोडल्याची खूण कुठं दिसत नव्हती.

आता तक्रारींवर माझं एकटीचंच उत्तर असतं आणि अंगठे सगळे मलाच पडतात. लिहून झालं तरी मी पान बंद करत नाही. खाली कुणीतरी येऊन मला हरवेल, म्हणून थांबून राहते.