थेट सांगण्याचा सराव

उमेदीची वर्षे भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवून मी चाळिशीत डिस्पॅचरच्या प्रशिक्षणाला बसले. हवामान आणि इंधन पाहून उड्डाणाचा आराखडा करायचा आणि तो धोक्याचा वाटला तर सही नाकारायची, हे डिस्पॅचरचे काम. आराखडा मला जमत होता. नकार जमत नव्हता.

मानवी चुकांविषयीच्या वर्गात एक निवृत्त वैमानिक हट्टी कॅप्टनची भूमिका करीत. कमी इंधनात निघू पाहणाऱ्या त्या कॅप्टनला आम्ही पायरीपायरीने अडवायचे: आधी विचारायचे, मग सुचवायचे, मग बजावायचे आणि शेवटी थांबवायचे. माझी पाळी आली तेव्हा मी शेजारच्या सहाध्यायिनीकडे वळून म्हणाले, “यांना सांगा ना, इंधन पुरणार नाही.”

वर्ग खदखदून हसला.

“बाई, मी बहिरा नाही,” कॅप्टन म्हणाले. “सोमवारी पुन्हा. तेव्हाही मध्यस्थ लागला, तर घरी बसा.”

त्यांना काय सांगणार? चिखल्याच्या आमच्या घरात धाकट्या सुनेने थोरल्या दिरांशी थेट बोलायचे नाही, असा शिरस्ता आहे. दीर समोर बसलेले असले तरी सांगायचे ते सासूबाईंना. त्या पुढे सांगतात. माझा एकही निरोप त्यांच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर पडलेला मला आठवत नाही.

रविवारी तलासरीला नात्यातला साखरपुडा होता. नवरा होडीवर गेलेला. प्रशिक्षणाला जाताना मला रोज स्टेशनवर सोडणारी जीप दीर चालवत होते, शेजारी सासूबाई, मागे मी आणि माझी मुलगी. हायवेला लागताच दिरांनी फोन कानाला लावला आणि एका हाताने कंटेनरमागून कंटेनर मागे टाकू लागले.

“आई, त्यांना फोन ठेवायला सांगा.”

“बाळा, हळू घे रे,” सासूबाई म्हणाल्या. “हिला भीती वाटतेय.”

“ऐकलंस का?” दीर फोनवरच्या माणसाला म्हणाले. “आमची विमानवाली जीपला घाबरते!”

“आई, भीती नाही वाटत. त्यांचं रस्त्यावर लक्ष नाही.”

“अरे, हिला मळमळतंय बहुतेक.”

तेवढ्यात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला. आमची जीप त्याच्या मागच्या फळीपाशी कशीबशी थांबली आणि मुलीचे कपाळ पुढच्या सीटवर आपटले. दिरांनी ट्रकवाल्याला एक शिवी हासडली आणि पुन्हा फोनमध्ये म्हणाले, “हां, बोल.”

“भावोजी, फोन ठेवा. गाडी बाजूला घ्या. आम्ही दोघी उतरतोय.”

त्यांनी आरशात पाहिले. “कुणाशी बोलतेस?”

“तुमच्याशी.”

“आई, हिला तोंड फुटलं बघ!”

“घरी ये,” सासूबाई मला म्हणाल्या, “मग बघते.”

जीप आम्हाला रस्त्याकडेला सोडून निघून गेली. शेअर रिक्षाने आम्ही तलासरी गाठली. तिथे आम्ही जेवलो की नाही, हे कुणी विचारले नाही.

सोमवारी मी कॅप्टनांच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, “एवढ्या इंधनावर मी सही करणार नाही.” त्यांनी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, माझ्या वयावरून टोमणा मारला. दिरांच्या मानाने तो माणूस फारच सौम्य होता. मला उत्तीर्ण करून ते वर्गाला म्हणाले, “बघा, आमच्या पद्धतीचा गुण!” मुलीच्या कपाळावरचे टेंगूळ त्यांनी पाहिले नव्हते.

दीर आता माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर असले तरी सासूबाईंना सांगतात. परवा म्हणाले, “तिला सांग, यापुढे स्टेशनला चालत जा.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “यापुढे स्टेशनला चालत जा.”

या वेळी एक अक्षरही त्यांनी मऊ केले नाही.