दाजींच्या कुकरीची मूठ

काही माणसांचे किस्से आपण गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. माझ्या सायकलच्या दुकानात कुणी पंक्चर काढायला आलं, की सोल्युशन सुकेपर्यंत मी दाजींचा एक किस्सा सांगतो. बायको म्हणते, "निम्मी गिऱ्हाइकं चाकात हवा असताना येत्यात!" येऊ देत की! आणि कुणी म्हणालं "वाढवून सांगता", तर त्याची ट्यूब त्याच्या हातात देतो. दाजींच्या बाबतीत वाढवायला जागाच कुठंय?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. पलटणीत हवालदार. आम्ही मूळचे वडूजचे. अक्का कुंडलला दिली आणि तिच्या मागनं मीही इथंच दुकान टाकलं. एकाहत्तरच्या लढाईत दाजींच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. पार मुळापासून. बाकीची चार बोटं शाबूत. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "हवालदार, आता डाव्या हाताची सवय करा." दाजी म्हणाले, "साहेब, मग उजवा काय नुसता सलाम ठोकायला ठेवू?"

घरी आले तेव्हा ऊस तोडणीला आला होता. त्यांचा ऊस गावातल्याच गुऱ्हाळाला जायचा आणि तोडायचा घरच्या माणसांनीच. दाजींनी कोयता उचलला. पहिल्याच घावाला तो हातातनं निसटून सरीत जाऊन पडला. अंगठ्याशिवाय मूठ आवळत नाही हो! करून बघा एकदा. अक्कानं तो कोयता उचलला आणि सगळा ऊस तिनं तोडला. दाजी बांधावर बसून राहिले. गावानं बघितलं.

त्या दिवशी संध्याकाळी घरापुढच्या कट्ट्यावर दाजी एवढंच बोलले, "फुडच्या साली ह्यो ऊस म्या तोडनार. उजव्या हातानं."

त्यांच्याकडं एक कुकरी होती. इस्पितळात शेजारच्या खाटेवर असलेल्या गोरख्या दोस्तानं दिलेली. हातभर लांब, जाड पाठीची, काळ्या शिंगाच्या मुठीची. दाजींचा विचार असा, की पातं जड आहे, घाव त्याच्या वजनानंच बसेल. फक्त मूठ आपल्या हाताजोगी करायची. फक्त! त्या 'फक्त'पायी आमचं वर्ष गेलं. आमचं म्हणजे दाजींचं, माझं, रसूलभाई मुलाण्याचं आणि रोज कट्ट्यावर बसणाऱ्या नानांचं. रसूलभाई जत्रेतली बोकडं कापायचा, त्यामुळं त्याला धारेतलं कळायचं. नानांना सगळ्यातलंच कळायचं.

*

पहिलं काम म्हणजे जुनी मूठ काढणं. कुकरीची मूठ आत लाखेनं बसवलेली असते. दाजी ती चुलीत घालायला निघाले तसा रसूलभाई ओरडला, "आवं, जाळात घालू नगासा! पात्याचं पानी उतरंल. लोखंडी पळी हुईल तिची!"

मग ठरलं, पात्याला ओलं पोतं गुंडाळायचं आणि मूठ तेवढी उकळत्या पाण्यात धरायची. अक्काचं मोठं पातेलं चढलं. आता शिंग उकळायला लागलं की वास कसा सुटतो, ते सांगायला नको. पायाचा रस्साच! आणि त्या दिवशी नेमकी एकादशी.

शेजारच्या तानीमावशी तोंडाला पदर लावून दारात उभ्या राहिल्या. "अगं बया बया! एकादशीला मटान शिजवतायसा? पलटनीत जाऊन हेच शिकलासा व्हय?"

दाजी पातेल्यावरनं नजर न हलवता म्हणाले, "मटान न्हाई मावशी, मूठ शिजतीया. बसा, मऊ झाली की वाढतो!"

मूठ सुटली. पण ते पातेलं अक्कानं पुन्हा चुलीवर चढू दिलं नाही. पुढं त्यात म्हशीला आंबोण देत असत.

*

मग धार. इस्पितळातनं आल्यापासून कुकरी ट्रंकेत पडून होती, धारेवर गंज चढलेला. धार लावायची म्हणजे एका हातानं मूठ धरायची, दुसऱ्यानं पातं दाबायचं आणि दगडावर ओढायचं. इथं मूठ तर काढलेली, आणि उरलेलं बूड दाजींच्या हातात ठरेना. आणि कट्ट्यावरच्या कुणाच्या हातात द्यायची तर तेही त्यांना पटेना.

नाना म्हणाले, "द्या हिकडं, म्या लावतो."

"नाना, तुमचं लगीन तुमी दुसऱ्याच्या हातानं लावलं हुतं का?" दाजींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो, तर दाजींनी कुकरी बाजल्याच्या लाकडाला सुतळीनं करकचून बांधलेली, आणि दगड तळहाताखाली धरून तोच धारेवरनं फिरवतायत! जगात पातं फिरतं आणि दगड स्थिर असतो. इथं पातं झोपलेलं आणि दगड कवायत करतोय. पाण्याचा शिपका मारायचा, दगड फिरवायचा, बोटानं धार चाचपायची, परत शिपका. मी हसायच्या बेतात होतो, तेवढ्यात रसूलभाईनं वाकून धारेवरनं नख फिरवलं.

"उलटं हाय," तो म्हणाला, "पर माझ्यापेक्षा ब्येस हाय."

रसूलभाई असं कुणाला म्हणाल्याचं मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. पण धार तपासायची कशावर? हातावरच्या केसांवर! दाजींचे केस पहिल्याच आठवड्यात संपले. मग माझे. मग नानांचे. गावात कुणाच्या मनगटावर असा गुळगुळीत चट्टा दिसला, की लोक ओळखायचे, हा हवालदाराच्या कट्ट्यावर बसतो. नानांची सून एकदा घाबरून वैद्याकडं गेली, "मामंजींना कसला रोग झालाय बघा!"

*

बारीक दगड हवा म्हणून दाजी आणि मी एस.टी.नं सांगलीला निघालो. दुकानात दगड पारखून घ्यायचा म्हणून कुकरी बरोबर, अक्काच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. गाडीला मुंगी शिरायला जागा नाही. आम्ही दांड्याला लोंबकळत. एक मोठा खड्डा आला, लुगडं सुटलं आणि कुकरी चकाकत बाहेर!

आमच्या भोवतीची जागा अशी रिकामी झाली म्हणता! बाकावरची दोन माणसं उठून पार पाठीमागं गेली. कंडक्टर लांबूनच म्हणाला, "बसा की पावनं, आरामात बसा."

एक म्हातारी तेवढी जागची हलली नाही. तिनं कुकरीकडं बघितलं, दाजींच्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "धार लावायला चाललायसा व्हय बाबा? जरा थांबा. माझी इळी बी हाय पिशवीत, तेवढी लावून आना. म्या स्टँडावर बसते."

आणि दाजींनी खरोखर लावून आणली! दगड आमच्यासाठी घ्यायला गेलो आणि पहिली धार लागली ती म्हातारीच्या विळीला. म्हातारी स्टँडवर वाट बघत बसली होती. तिनं दाजींच्या त्याच हातावर दोन पेरू ठेवले.

*

धार झाली, पण मुठीचं काय? पहिली मूठ माझ्या डोक्यातनं निघाली. सागाचं लाकूड, वरनं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. "दाजी, रबर सुटत न्हाई, लिहून घ्या!" मी म्हणालो. कोरड्या हातानं मूठ झकास बसली. दाजींनी अंगणात चार घाव हवेत मारले. पाचव्याला हाताला घाम आला.

कुकरी हातातनं सुटली, वाळत घातलेल्या धोतरातनं आरपार गेली आणि जोत्याच्या खांबात खच्चकन रुतली. नाना त्या खांबाला टेकून बसले होते. डोक्याच्या वर वीतभर!

नाना हळूच उठले, वर रुतलेल्या कुकरीकडं बघितलं, मग दाजींकडं बघून हात जोडले. "हवालदार, लढाई सपली म्हनून रेडिओवर सांगून वरीस झालं!"

त्यानंतर नाना कट्ट्यावर आले, की आधी दाजींच्या हातात काय आहे ते बघत आणि मगच चप्पल काढत.

*

दुसरी मूठ दाजींनी स्वतः केली. बाभळीची. चार बोटांसाठी चार खाचा, तळहाताला टेकायला मागं उंचवटा आणि मनगटावरनं चामड्याचा पट्टा. सुतारानं बघितली तेव्हा म्हणाला, "ही मूठ हाय का बाभळीचं मूळ?" पण पट्ट्यामुळं आता ती सुटत नव्हती. हे डोकं दाजींचं. मी असतो तर कधीच डाव्या हाताला शरण गेलो असतो.

आणि एके दिवशी कुकरी जोत्यावरनं चोरीला गेली! दाजी जेवले नाहीत. मी सायकल काढून चारी वाटा पालथ्या घातल्या. आठवडा गेला, आणि सकाळी अंगण झाडताना अक्काला ती तुळशीपाशी पडलेली सापडली. चोरानं परत आणून टाकली होती!

रसूलभाईला बाजारात पत्ता लागला. कुणीतरी ती विकायला बसला होता. गिऱ्हाईक हातात घ्यायचं, मुठीवर अंगठा कुठं ठेवायचा तेच त्याला कळायचं नाही, आणि परत ठेवायचं. एक जण म्हणे चोरावरच खेकसला, "माकडाच्या हातातली हाय का रं ही?"

दाजी खूश! "ऐकलंसा? अंगठेवाल्याला ती धरताच येत न्हाई! म्हंजी माझ्या मापाची झाली का न्हाई?"

"व्हय," अक्का आतनं म्हणाली, "चोराला बसंना, अजून तुमालाबी बसंना. मग क्येली कुनासाठी?"

ते खरं होतं. घटकाभर कुकरी चालवली, की दाजींचा हात थांबायचा.

*

आता शेवटचा सांगतो. ट्यूब सुकली असली तरी बसा.

तोडणी तोंडावर आली. कुकरी घाव घालत होती, सुटत नव्हती, पण दाजींच्या तळहाताला करंगळीच्या खालच्या कडेला फोड यायचा. फुटायचा, परत यायचा. दाजी म्हणायचे, "अंगठा असल्याल्या माणसाला हितं फोड येतच न्हाई. ह्यो पलटनीचा बिल्ला हाय माझा." पण मूठ नेमकी कुठं रुतते, ते काही केल्या सांगायचे नाहीत. "कुठं दुखतंय?" विचारलं, की "कुठंच न्हाई!" रसूलभाई वैतागायचा, "आवं, सांगितल्याबिगर तासायची कुठं?" दाजी म्हणायचे, "हात हाय का बाळंतीन? कशाला कन्हायचं!"

फोड घेऊन ऊस तोडता येत नाही. पहिल्या दुपारीच कुकरी खाली ठेवावी लागली असती आणि अक्कानं पुन्हा कोयता उचलला असता. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बोलायचं कुणी?

तोडणीच्या आदल्या दिवशी दाजी गुऱ्हाळावर पाळी ठरवायला गेले होते. मी दुपारी त्यांच्या घरी गेलो. पुढं कुणी नाही. परसात कडबा तोडल्याचा आवाज येत होता, म्हणून मागं गेलो.

अक्का होती. उजव्या हाताचा अंगठा तळव्याला लावून, वर लुगड्याची चिंधी गच्च बांधलेली. हातात कुकरी. चार घाव घालायची, थांबायची, मूठ उलटी करून बघायची आणि फुटक्या बाटलीच्या काचेनं अगदी थोडं खरवडायची. परत मूठ धरायची, परत चार घाव. कपाळावरनं घाम गळत होता.

"अक्के! हे काय चालवलंयस?"

"त्ये काय सांगत्यात का, कुठं रुततंय?" ती म्हणाली. "मग मला कळावं कसं?" आणि काच माझ्यावर रोखून म्हणाली, "कुटं बोललास, तर तुजंच पंक्चर काढीन!"

मी तिच्यापुढं कडब्याची पुढची पेंढी सरकवली.

दुसऱ्या दिवशी दाजी उसात शिरले. रसूलभाई, नाना, मी, सगळे बांधावर. कुकरी उजव्या हातात. बुडख्यात एक घाव, शेंड्याला एक, की ऊस आडवा! सरीमागनं सरी मोकळी होत गेली. मोळ्या बांधणारे मागं पडले. नाना दर सरीला "वाह रं गड्या!" म्हणत होते. दिवस डोक्यावर आला तरी दाजी थांबले नाहीत. मग बाहेर आले आणि तळहात आमच्यापुढं धरला.

"बघा! हाय का कुठं फोड? एक सुदिक न्हाई! आज कशी बसलीया हातात! पावनं, ही मूठ म्या क्येलीया, म्या!"

"व्हय दाजी," मी म्हणालो आणि दुसरीकडं बघितलं.

अक्का पाटी घेऊन आली. फडकं सोडलं, भाकरीवर झुणका घातला आणि दाजींच्या हातात भाकरी दिली. देताना तिचा तळवा वर आला. करंगळीच्या खाली, कडेला, टरारून फुगलेला फोड.

दाजींनी चार बोटांनी तिचं मनगट धरलं. फोड निरखला. आम्ही सगळे उसाकडं बघायला लागलो.

"ह्या जागी फोड," दाजी हळू म्हणाले, "माझ्या एकट्याच्या हाताला येतुया."

"येत व्हता," अक्का हात सोडवून घेत म्हणाली. "भाकरी खावा. गार व्हाय लागलीया."